राज्य कुणावर

जनार्दन आगाशेला आता काहीच वाटत नाही, हे सगळ्यात आधी त्याच्या बायकोच्या लक्षात आलं, आणि तेही आमटीवरून. एका संध्याकाळी अलकाच्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं. पहिला घास तोंडात जाताच तिने ताट बाजूला सारलं. समोर पाहते तर हा गृहस्थ भात कालवून शांतपणे जेवतोय. वाटी संपली तशी त्याने पुढे केली. लग्नानंतरची सहा वर्षं ज्याने ‘आमच्याकडे आमटी अशी नसते’ म्हणून तिला सळो की पळो केलं होतं, तोच हा माणूस. अलकाने मुकाट्याने आणखी वाढलं, आणि आत जाऊन थोडा वेळ ओट्याला टेकून उभी राहिली.

बँकेत मात्र कुणाला काही कळलं नाही. जनार्दन तिथे अधिकारी होता, आणि काही न वाटणं हा बँकेत अधिकाऱ्याचा गुण धरतात. समोरचा माणूस चिडो, रडो, हात जोडो, आगाशेसाहेबांचा आवाज चढत नाही की उतरत नाही, याचं हाताखालच्यांना कौतुक होतं. त्या वर्षी वरिष्ठांनी त्याच्या अहवालात ‘समतोल स्वभाव’ असा शेरा लिहिला. समतोल कसला, डोंबल. माणूस आतून बधिर झाला होता. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं त्याला स्वतःचं सगळंच परकं वाटत होतं. जयपूरच्या बनी पार्कातलं भाड्याचं घर, स्कूटर, बायको, हातातलं पेन, सगळं.

हे सुरू झालं पंच्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, त्याचा मित्र मेजर रंगनाथ शितोळे गेला त्या दुपारी.

रंगनाथ मूळचा कराडचा, जयपूरच्या छावणीत बदलून आलेला. दोघांची ओळख महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली, पंगतीत वाढताना. मराठी माणूस परगावी भेटला की आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग इथे तुरीची डाळ बरी कुठे मिळते ते. हे तिन्ही उरकल्यावर रंगनाथने चौथा प्रश्न टाकला, ‘आगाशे, उडणार का?’ जनार्दनला वाटलं, हा भांग वगैरे घेतो की काय.

रंगनाथ दर रविवारी जगतपुऱ्याच्या पलीकडे एका माळावर जायचा. तिथे ग्लायडर उडवणाऱ्यांचा लहानसा क्लब होता. एक पत्र्याची शेड, ग्लायडर ओढून वर नेणारं एक म्हातारं विमान, तीन ग्लायडर, आणि या सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारे भंवरसिंहजी, हवाई दलातून निवृत्त झालेले शिक्षक. ग्लायडरला इंजिन नसतं. विमान त्याला दोराने ओढत वर नेतं आणि सोडून देतं. मग तापलेली हवा जिथे वर चढत असेल तिथे घारीसारखं गोल गोल फिरत उंची मिळवायची, आणि ती उंची घालवत घालवत पुढे जायचं. उंची संपली की उतरायचं. माळ गाठला तर माळावर, नाहीतर जे मोकळं शेत सापडेल त्यात. अडतिसाव्या वर्षी जनार्दन हे शिकला, आणि बँकेत कुणाला न सांगता शिकला. त्या तीन वर्षांत त्याच्याइतका खूश माणूस बनी पार्कात दुसरा नसेल. सोमवारी दाढी करताना शीळ घालायचा. अलका म्हणायची, या मेजरने माझा नवरा बिघडवला.

मग ती युक्ती निघाली. दोराने ओढलं जात असताना ग्लायडर जरा बाजूला सरकलं, की पुढच्या विमानाच्या पंखाच्या टोकाबाहेर एका ठिकाणी हवा खालून रेटा देते, हे रंगनाथच्या हाताला पहिल्यांदा जाणवलं. पंखाच्या नेमकं मागे हवा खाली दाबली जाते. टोकाच्या किंचित बाहेर ती उलटून वर येते. हिवाळ्यात कुरजांचे, म्हणजे करकोच्यांचे थवे बाणासारखी रांग धरून जातात, ते काही शोभेसाठी नव्हे. मागचा पक्षी पुढच्याने उठवलेल्या हवेवर थोडा टेकलेला असतो. ‘फुकटची हवा आहे, आगाशे,’ रंगनाथ म्हणायचा. ‘पुढचा ती टाकूनच देतो. आपण उचलायची.’

दोन ग्लायडरांनी असं केलं, तर लांबून परतताना मागच्याची उंची जरा हळू घटते. जरा म्हणजे मिनिटाला तीस-पस्तीस फूट. ऐकायला काहीच नाही. पण ज्याला घर गाठायचं आहे आणि हाताशी इंजिन नाही, त्याला विचारा. यात पुढच्याचं नुकसान नसतं, फायदाही नसतो. म्हणून आळीपाळीने पुढे जायचं, असं ठरलं. पुढे असण्याला दोघांनी नाव ठेवलं राज्य. लहानपणी लपाछपीत, पकडापकडीत डाव ज्याच्यावर यायचा त्याच्यावर राज्य असायचं, ते राज्य. तीन मिनिटं झाली की मागच्याने नाक खाली घालून वेग घ्यायचा, बाजूने पुढे यायचं आणि राज्य घ्यायचं. मग आधीचा त्याच्या पंखाच्या टोकाला लागणार.

यात एक गोम होती. पुढच्याला आपण होऊन सुटता येत नसे. मागचा पुढे आला तरच त्याची सुटका. क्लबच्या ग्लायडरांत रेडिओ नव्हते, तेव्हा सगळी भिस्त मागच्याच्या घड्याळावर आणि इमानावर.

इतक्या जवळून उडायला सक्त मनाई होती. भंवरसिंहजींना पत्ता लागला असता तर त्यांनी दोघांनाही त्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून हे सगळं माळापासून लांब, कुणी बघत नसताना चालायचं, आणि त्याची बोलणी मराठीत व्हायची. ‘आज पहिलं राज्य कुणावर?’ एवढं शेडमध्ये चारचौघांत बिनधास्त विचारता यायचं. बाकीच्यांना वाटायचं, या मराठ्यांच्या डोक्यातून राज्य काही जात नाही.

त्या रविवारी दोघं दौशाच्या बाजूला गेले होते. परतताना दुपार कलली, आकाशात धूळ चढली आणि वर नेणारी हवा कुठे सापडेनाशी झाली. हाताशी तीन हजार फूट, माळ चौदा मैल लांब. एकेकट्याने जायचं तर वाटेत शेतात उतरणं आलं. राज्य वाटून घेतलं तर पोचू, पण अगदी काठोकाठ. रंगनाथला काठोकाठ हा शब्द फार आवडायचा.

पहिलं राज्य जनार्दनने घेतलं, दुसरं रंगनाथने, तिसरं पुन्हा जनार्दनने. चौथं रंगनाथने घेतलं तेव्हा चौदाशे फूट उरले होते. त्याचीही तीन मिनिटं झाली. जनार्दनने घड्याळात पाहिलं. उजव्या पंखाखाली तो रेटा होता, कुणी कोपराखाली तळहात धरावा तसा. पुढे जायचं म्हणजे नाक खाली घालून साठ-सत्तर फूट घालवायचे, आणि वर हा तळहातही सोडायचा. समोर माळ दिसत होता, शेडचे पत्रे चकाकत होते. त्याने मनात म्हटलं, आणखी एक मिनिट. ते मिनिट संपलं. मग आणखी एक. त्याने ठरवलं असं काहीच नाही. नुसता हात हलला नाही. तो रंगनाथच्या पंखाच्या टोकाकडे बघत राहिला. खालून मोहरी काढून झालेलं एक सपाट, मोकळं शेत गेलं. मग दुसरं गेलं, पहिल्यापेक्षा मोठं. रंगनाथने दोन्ही सोडली.

माळाच्या अलीकडे एका विहिरीच्या पंपाला गेलेली विजेची तार होती. जनार्दन तिच्यावरून एका खेजडीच्या झाडाएवढ्या उंचीने पार झाला. रंगनाथ झाला नाही.

जनार्दन उतरला. काच उघडून बाहेर आला आणि उभा राहिला. माळावरची सगळी माणसं त्याच्याकडे पाठ करून तारेच्या दिशेने पळत होती. कुणीतरी नंतर त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. पाणी कोमट आहे, हे त्याला कळलं. त्यानंतर त्याला फारसं काही कळलं नाही.

चौकशी झाली. बाहेरगावाहून दोन अधिकारी आले, शेडमध्ये टेबल मांडून बसले. पुढे कोण होतं, असं त्यांनी विचारलं. मेजरसाहेब, जनार्दन म्हणाला. अंतर किती होतं? बरंच होतं. दोघांत काही ठरलं होतं का? जनार्दन म्हणाला, नाही. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पान उलटलं. बाहेर भंवरसिंहजी उभे होते. म्हाताऱ्याला संशय होता, इतकी वर्षं आकाश बघितलेल्या माणसाला असणारच. त्यांनी जनार्दनच्या खांद्यावर हात ठेवला. ‘अच्छा किया, आगाशेजी. जानेवाले का नाम ख़राब नहीं होना चाहिए.’ जनार्दनने आपल्या मित्राला पाठीशी घातलं, असं त्यांना वाटलं. जनार्दनने मान हलवली आणि स्कूटरला किक मारून घरी गेला.

महिनाभराने निष्कर्ष आला. वैमानिकाचा अंदाज चुकला. उतरण्याजोगी शेतं खाली असतानाही त्याने माळ गाठण्याचा अट्टाहास केला.

तो अट्टाहास शितोळ्यांच्या घरात शिरला आणि तिथेच राहिला. रंगनाथची बायको मधुमती रडली नाही. ती चिडली, आणि चिडलेलीच राहिली. छावणीतल्या बायका तिला भेटायला यायच्या, तिचा हात हातात घेऊन बसायच्या, आणि ही बाई चहाचे कप मोजत असल्यासारखी समोर बघत बसायची. मनातलं बोलायची ती फक्त जनार्दनशी. तो दर रविवारी सकाळी तिच्याकडे जायचा. गॅसचा नंबर लावणं, पेन्शनचे अर्ज, मुलीच्या शाळेतली कामं, जे असेल ते करायचा. माळावर आता तो जात नव्हता, त्यामुळे रविवार मोकळाच होता.

‘खाली एवढी शेतं होती, भावजी,’ मधुमती म्हणायची. ‘एवढी मोठमोठी. घरी पोरगी वाट बघत बसली असंल, एवढं तरी मनात यावं की नाही माणसाच्या? शेतात उतरले असते तर चार लोक हसले असते, दुसरं काय झालं असतं? पण नाही. जन्मभर पुढं पुढं करायची हौस.’

जनार्दन चहा प्यायचा. कधी म्हणायचा, ‘चालायचंच, वहिनी.’ आता यात चालायचंच म्हणण्यासारखं काय होतं, देव जाणे.

मुलगी गिरिजा, अकरा वर्षांची. तीन छावण्यांत वाढलेली, त्यामुळे हिंदी फडाफडा आणि मराठी अडखळत. दिवाळीच्या आधी शाळेत ‘मेरे पिताजी’ असा निबंध दिला होता. तिने लिहिलं की पिताजी बहादुर थे, पर ज़िद्दी थे, और ज़िद से घरवालों को दुख होता है. बाईंनी दहापैकी आठ गुण दिले. मधुमतीने ती वही जनार्दनपुढे ठेवली. त्याने निबंध शेवटपर्यंत वाचला, एके ठिकाणी वेलांटी चुकली होती ती गिरिजाला दाखवली, आणि वही मिटून परत दिली. घरी जाताना वाटेत त्याला वाटलं, आत्ता तरी काहीतरी व्हायला हवं होतं. पोटात, छातीत, कुठेतरी. सिग्नलला तो थांबून वाट बघत राहिला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तसा निघाला.

काय अडलं आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तो काही मूर्ख नव्हता. रंगनाथ त्या दोन शेतांवरून पुढे गेला तो हट्टाने नाही, भरवशाने. मागचा येईल, राज्य घेईल, आपल्याला शंभर फूट मिळतील, तार ओलांडू, हा साधा हिशेब त्याने धरला होता. हे जगात एकट्या जनार्दनला माहीत होतं. तो बोलला, तर त्या मायलेकींना त्यांचा माणूस परत मिळणार होता, जसा होता तसा. आणि जनार्दनसाठी त्या घराचं दार बंद होणार होतं. न बोलण्याला त्याच्याजवळ कारणं होती, एकाहून एक चांगली. रंगनाथचं नाव. भंवरसिंहजींचा क्लब. आणि मी पुढे गेलो असतो तर कदाचित तारेत मी सापडलो असतो, कदाचित दोघंही. सगळी कारणं खरी होती, आणि एकही कामाचं नव्हतं.

असे दहा महिने गेले. फेब्रुवारीत मधुमतीची सरकारी घराची मुदत संपत आली. तिने कराडला सासरी जायचं ठरवलं. गुरुवारची गाडी होती. त्याच्या आदल्या रविवारी अलकाने प्रवासासाठी दशम्यांचा डबा दिला आणि जनार्दन सकाळी अकराच्या सुमाराला तिकडे पोचला.

घर रिकामं झालं होतं. भिंतींवर खिळे तेवढे राहिले होते. मधल्या खोलीत काळ्या लोखंडी ट्रंका ओळीने ठेवलेल्या, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात रंगनाथचं नाव आणि हुद्दा. मधुमती जमिनीवर बसून गादीची वळकटी सुतळीने बांधत होती. गिरिजा आतल्या खोलीत आपली पुस्तकं भरत होती. जनार्दन एका ट्रंकेवर बसला.

दाराशी रद्दीचा गठ्ठा होता. जुनी मासिकं, वर्तमानपत्रं, आणि सगळ्यात वर रंगनाथची उड्डाणांची नोंदवही, निळ्या कापडी बांधणीची. प्रत्येक उड्डाण त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं.

‘वहिनी, ती वही चुकून रद्दीत गेलीय,’ जनार्दन म्हणाला.

‘चुकून नाही.’ मधुमतीने सुतळी दातात धरून ओढली. ‘मीच टाकलीय. काय करू ठेवून? सासूबाई विचारतील, काय झालं होतं गं नेमकं? काय सांगू? तुमच्या मुलाला शेतात उतरायची लाज वाटत होती, म्हणून सांगू?’

जनार्दनने हातातला दशम्यांचा डबा शेजारच्या ट्रंकेवर ठेवला.

‘पोरीला मी सांगून ठेवलंय,’ ती म्हणाली. ‘कुणासारखी पण हो, पण बापासारखी होऊ नको.’

हे ऐकून जनार्दनच्या आत काही हललं, असं मुळीच नाही. तीच तर त्याची दशा होती. काही वाटलं असतं तर याही वेळी तो गप्प बसला असता, भीतीने, लाजेने, नाहीतर तिच्यावरच्या मायेने. काही वाटत नव्हतं, म्हणूनच त्याचं तोंड उघडलं. एखाद्या खातेदाराला नियम सांगावा तशा आवाजात तो म्हणाला, ‘वहिनी, त्या दिवशी राज्य माझ्यावर होतं.’

मधुमतीने वर पाहिलं. ‘काय?’

मग त्याने सांगितलं. पंखाच्या टोकाची हवा, तीन तीन मिनिटं, मागच्याने पुढे यायचं, पुढच्याला सुटता येत नाही. सगळं क्रमवार सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, ‘चौथं राज्य रंगनाथचं झालं. पाचवं माझं होतं. ते राहून गेलं.’

‘राहून गेलं म्हणजे?’

‘पुढे जाणं झालं नाही.’

‘किती वेळ?’

‘चार मिनिटं. थोडी जास्तच.’

मधुमतीच्या हातात सुतळीचं टोक तसंच होतं. ‘आणि ती शेतं?’

‘त्याला वाटत असणार, मी येतोय. मी गेलो असतो तर त्याला शंभरेक फूट मिळाले असते. त्या भरवशावर त्याने शेतं सोडली. हट्ट नव्हता तो. अंदाज चुकला नव्हता त्याचा. म्हणजे हवेचा चुकला नव्हता.’

बाहेर कुणीतरी जवान सायकलची घंटी वाजवत गेला. मग तिने सुतळीची गाठ मारली, ओढून बघितली, सैल वाटली म्हणून पुन्हा एक मारली. ती उठली, दाराशी जाऊन गठ्ठ्यावरची निळी वही उचलली आणि पदराने पुसली. तिचा चेहरा कसा झाला होता हे जनार्दनला नीट सांगता आलं नसतं, कारण तो तिच्या हातांकडे बघत होता.

‘गिरिजा,’ तिने हाक मारली. ‘इकडं ये. अंकल काय सांगतायत ते ऐक.’

गिरिजा आली, हातात पुस्तक घेऊनच. मधुमतीने तिला समोर उभं केलं आणि जनार्दनला म्हणाली, ‘सांगा.’

‘वहिनी, ती लहान आहे.’

‘बापाला ज़िद्दी म्हणायला मोठी होती. सांगा.’

जनार्दनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टोकाच्या बाहेरची हवा, राज्य, राहून गेलं. गिरिजाने आईकडे पाहिलं. ‘मम्मी, मुझे समझ नहीं आ रहा. अंकल काय बोलतात? राज्य मतलब?’

‘तिला कळंल असं सांगा, भावजी,’ मधुमती म्हणाली. ‘एवढं फिरवून नको.’

जनार्दन थोडा वेळ शोधत राहिला. हिंदीत त्याच्याजवळ आडोसा घ्यायला फार शब्द नव्हते. बँकेतली हिंदी इथे उपयोगाची नव्हती.

‘आगे जाने की बारी मेरी थी, बेटा,’ तो म्हणाला. ‘मैं नहीं गया.’

‘क्यों?’

‘डर गया.’

हेही त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्यालाच ते नवीन वाटलं. गिरिजा विचार करत होती. गणित सोडवताना मुलं ओठ आत घेतात तसे तिने घेतले होते.

‘तो पापा ने खेत इसलिए छोड़े? उनको लगा, आप आओगे?’

‘हाँ.’

‘पापा ज़िद नहीं कर रहे थे?’

‘नहीं.’

‘पापा ने मुड़के नहीं देखा?’

मधुमती त्याच्याकडे बघत होती. चौकशीत हे कुणी विचारलं नव्हतं. अलकाने विचारलं नव्हतं. रात्री डोळे मिटल्यावर जे समोर यायचं त्यात पंखाचं टोक यायचं, शेत यायचं, तार यायची. हे येऊ नये म्हणून तर बाकीचं सगळं बधिर करून ठेवलं होतं.

‘देखा था,’ तो म्हणाला. ‘एक बार. दूसरे खेत के ऊपर.’

‘फिर?’

‘हाथ उठाया था.’

‘कैसे?’

जनार्दनने आपला उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. तो गुडघ्यावरून उचलला जाईना. गिरिजाने पुस्तक ट्रंकेवर ठेवलं आणि आपला हात वर केला. तळवा खाली, बोटं आत ओढत, लांब थांबलेल्या माणसाला आपण बोलावतो तसं, दोनदा.

‘ऐसे?’

आणि जनार्दन उठला. ट्रंकेवरून उठून तो दोन पावलं पुढे गेला, थेट त्या हाताच्या समोर. तो फरशीवर बसला आणि रडू लागला, मोठ्याने, नाकातोंडातून, चारचौघांत पुरुष रडत नाहीत तसं. दुःख झालं होतं. इतकं झालं होतं की श्वास घेता येत नव्हता.

गिरिजा घाबरून आईला चिकटली. तिचा हात अजून वरच होता. मधुमतीने तो धरला आणि हळूच खाली घेतला. तिचे स्वतःचे गाल ओले झाले होते.

‘राहू दे, बाळा,’ ती म्हणाली. ‘आता येऊन काय करणार अंकल.’